टर्बो रोटरीला मिक्श्चर किती ठेवायचं?

मेलबर्नहून एका मुलाने विचारलंय. १९९३ ची माझदा आरएक्स-७ घेतली, एफडी मॉडेल, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाची. आधीच्या मालकाने मूळचे दोन छोटे टर्बो काढून एक मोठा बसवलाय, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मात्र कंपनीचेच आहेत. ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) बाहेरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर डॅशबोर्डवर. बूस्ट, म्हणजे टर्बो हवा दाबतो तो दाब, १ बारपर्यंत न्यायचाय. कुणी सांगतं एअर-फ्युएल (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा, वजनाने) १०.५ ठेव, कुणी सांगतं १२ ला गाडी जास्त ओढते. "काका, लॅपटॉप घेऊन रात्री मोकळ्या रस्त्यावर मीच करणार आहे, फक्त नेमका आकडा सांगा."

(घरी फोनवर बोलताना जरा जपून. मी आईला "एफडी घेतली" म्हणालो तेव्हा तिला वाटलं, पोरगं सुधारलं.)

आकडा घे. ९८ ऑक्टेन पेट्रोलवर पूर्ण बूस्टला ११ ते ११.२. इंजिन नव्याने बांधलेलं असेल किंवा त्याचा इतिहास माहीत नसेल, तर पहिले काही पुल (पूर्ण थ्रॉटलचे दम) १०.८ वर. व्हॅक्यूम संपून बूस्ट सुरू होतो तिथे १२.५, आणि अर्धा बार येईपर्यंत ११.५ च्या खाली उतरलेलं हवं. हायवेवर संथ चालीला १४ ते १४.७. आयडलला १३ च्या आगेमागे, गाडी जिथे निवांत उभी राहील तिथे. १२ ला जास्त ओढते हेही खोटं नाही, थोडी ओढते. पण तेवढ्यासाठी मी माझ्या गाडीत ती जोखीम घेतली नाही, तुलाही घे म्हणणार नाही. १० च्या खालीही जाऊ नकोस. मिस मारायला लागते, हाउसिंगवरची ऑइलची फिल्म धुऊन जाते आणि प्लग काजळीने भरतात. भरपूर पेट्रोल म्हणजे भरपूर सुरक्षित, असं नसतं.

आता तू न विचारलेलं. मी मूळचा कोल्हापूरचा, पण रोटरी उघडायला आणि बांधायला शिकलो ते गाव सोडल्यावर. टेबलावर जेवढे तुटके एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) पाहिले, त्यातले ईसीयूच्या मॅपमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या तक्त्यात, चुकीचा आकडा लिहिल्यामुळे गेलेले थोडे. बहुतेकांच्या मॅपमध्ये ११ च लिहिलेलं होतं. त्या दिवशी इंजिनाला ११ मिळालं नाही, एवढंच.

माझं स्वतःचं पहिलं इंजिन असंच गेलं. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डवरून एक बारीक रबरी नळी येते. बूस्ट जेवढा वाढेल तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वाढवायचं, हे रेग्युलेटरला ती नळी सांगते. बेस प्रेशर ३ बार, बूस्ट १ बार, तर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ४ बार; म्हणजे इंजेक्टरच्या दोन तोंडांमधला फरक कायम ३. रेग्युलेटर साफ करून परत बसवताना नळीला क्लिप लावायची माझ्याकडून राहिली. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नव्हती, गॅरेजमध्ये मी एकटाच होतो. तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट चढताना नळी निसटली. रेल ३ वर अडकली, मॅनिफोल्ड १ वर, फरक राहिला २. प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो, म्हणजे पेट्रोल १८ टक्क्यांनी कमी. ११ चं झालं साडेतेरा. मीटरवर मी ते पाहिलं, पाय उचलेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. गाडी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा स्टार्टर मारला आणि कानांनीच निकाल सांगितला. निरोगी रोटरी स्टार्टरवर फिरताना फुस-फुस-फुस अशी सारख्या अंतराने श्वास टाकते. माझी फुस करून दोन वेळा गप्प बसत होती. एक एपेक्स सील शेजारच्या दोन चेंबरमधली भिंत असतो, त्यामुळे एक तुटला की रोटरच्या तीन बाजूंपैकी दोन जातात. तुटलेला तुकडा एग्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडताना टर्बोच्या टर्बाइनची पाती चावून गेला होता, ते नंतर कळलं.

पिस्टनवाल्या मित्रांना हे पटत नाही. त्यांचं इंजिन दहा वेळा नॉक करतं, म्हणजे मिक्श्चर अवेळी फुटतं, आणि तरी घरी येतं. रोटरीची गोष्ट वेगळी आहे. चेंबर लांबट, चपटा आणि सतत पुढे सरकणारा. एफडीच्या १३बी इंजिनाचा रोटर ८० मिमी रुंद. आग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला अंतर फार, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. १९९१ साली ल मान्स जिंकलेल्या ७८७बी मध्ये तर रोटरमागे तीन प्लग होते. (ती गाडी २४ तास पळाली म्हणून रोटरी मजबूत असते, असं सांगणारे भेटतात. तिला टर्बो नव्हता, हे सोयीस्करपणे विसरतात.) चेंबरच्या मागच्या अरुंद टोकाला जे मिक्श्चर उरतं ते आग पोचायच्या आधी स्वतःहून फुटलं की तो धक्का सरळ २ मिमी जाडीच्या ओतीव लोखंडाच्या सीलवर बसतो. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. शिवाय रोटरीचा एग्झॉस्ट पिस्टनपेक्षा गरम. आपण जे जास्तीचं पेट्रोल घालतो त्यातलं बरंचसं जळण्यासाठी नसतंच, वाफ होताना उष्णता खाण्यासाठी असतं.

तुझ्या प्रश्नातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे "इंजेक्टर कंपनीचेच". हिशेब मांडू. १३बी म्हणायला १३०८ सीसी, पण शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ते पूर्ण १३०८ सीसी ओढतं. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनाला तेवढ्यासाठी २.६ लिटर लागले असते. ७५०० आरपीएमला मिनिटाला ९८०० लिटर झाले. १ बार बूस्ट आणि मॅनिफोल्डमधली हवा ४० अंशांवर धरली तर तिचं वजन सुमारे २२ किलो. भागिले ११, म्हणजे २ किलो पेट्रोल, म्हणजे मिनिटाला २.७ लिटरच्या आसपास. कंपनीचे प्रायमरी (नेहमी चालणारे) मिनिटाला ५५० सीसीचे दोन, सेकंडरी (लोड वाढला की जोडले जाणारे) ८५० चे दोन, एकूण २८००. ड्यूटी, म्हणजे इंजेक्टर उघडा राहतो तो वेळेचा वाटा, ९५ टक्के! चेंबरमध्ये हवेचा भराव पूर्ण धरलाय, प्रत्यक्षात थोडा कमी येईल. पण मेलबर्नच्या जुलैतल्या रात्री हवा जड असेल, तिथे तो परत वसूल होईल. त्यात रोटरीला इंजेक्टर प्रत्येक फेऱ्याला मारावा लागतो. ७५०० ला एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद मिळतात, पिस्टनला याच्या दुप्पट. त्यातला जवळपास एक मिलिसेकंद इंजेक्टर उघडण्या-मिटण्यातच जातो.

मी ८५ टक्क्यांच्या वर ड्यूटी जाऊ देत नाही. याच हिशेबाने ०.७ बारला तू ८० च्या थोडा वर असशील. मोठे सेकंडरी येईपर्यंत तिथेच थांब. आणि वेस्टगेटची (जादा एग्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) स्प्रिंगच मुळात किती बारची आहे ते उघडून बघ. कंट्रोलर बंद केला तरी स्प्रिंगच्या खाली बूस्ट येत नाही, आणि वेस्टगेटची तोंडं लहान असतील तर मोकळ्या सायलेन्सरवर आरपीएमसोबत बूस्ट आपोआप चढत जातो. मॅपमध्ये २०० केपीएची (म्हणजे १ बार बूस्टची) ओळ शेवटची आणि गाडी गेली २२० ला, असं झालं की तुझा ११ चा आकडा कुणी वाचतच नाही. म्हणून वापरणार नसलास तरी त्या वरच्या ओळी रिच (पेट्रोल जास्त) भरून ठेव.

आता मीटर. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, एग्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन बघून अंदाज बांधतो. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर तो तुला फसवणार. सगळ्यात वाईट फसवणूक मिसफायरची. प्लग पेटला नाही की न जळलेलं पेट्रोल आणि त्यासोबतचा सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर जातो. सेन्सर ऑक्सिजन बघतो आणि "लीन" (पेट्रोल कमी) म्हणतो. तू पेट्रोल वाढवतोस, प्लग आणखी भिजतो, मिस आणखी वाढते, मीटर आणखी लीन. मी एका दुपारी याच खड्ड्यात दीड तास होतो. मीटरवर १२.८, मागे काळा धूर, आणि मी पेट्रोल घालतोय! नाकाला वास येत असताना डोळे मीटरवर. शेवटी एक कॉइल बूस्टमध्ये स्पार्क चुकवत होती. तेव्हापासून मीटर लीन दाखवायला लागला की मी आधी प्लग काढतो. काळा, ओला प्लग आणि लीन रीडिंग एकत्र दिसलं तर मॅपला हात लावत नाही.

सेन्सरच्या आधी एग्झॉस्टला गळती असली तरी बाहेरची हवा शिरून रीडिंग लीन येतं, विशेषतः कमी लोडला. टर्बोचं मॅनिफोल्ड तडकलेलं सहज सापडतं, साबणाचं पाणी मारून बघ. दुसरं, सेन्सर दोन्ही रोटरची सरासरी सांगतो. पुढचा १०.४ आणि मागचा ११.८ असेल तर तुला ११.१ दिसणार आणि तू खुश. म्हणून दोन्ही रोटरच्या रनरमध्ये वेगळे तापमानाचे प्रोब टाकतो, आणि एका ब्रँडचे, एका बॅचचे असले तरी चारही इंजेक्टर बेंचवर मोजून घेतो. वाइडबँड मात्र टर्बोच्या आधी टाकू नकोस. बॉशच्या एलएसयू ४.९ ला सतत ९३० अंशांपर्यंतचाच एग्झॉस्ट झेपतो. टर्बोच्या पुढे, डाउनपाइपमध्ये बरा राहतो. रोटरी ऑइल जाळते, त्यामुळे हा सेन्सर पिस्टनपेक्षा लवकर थकतो. मी तो उपभोग्य वस्तू समजतो, प्लगसारखा.

वेळेचा घोळही असतो. ज्वलन झालं ते वेगळ्या क्षणी, वायू सेन्सरपर्यंत पोचून आकडा दिसला तो वेगळ्या क्षणी. अंतर ०.२ सेकंद धर. डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून मोजायचं यंत्र) इंजिन सेकंदाला ५०० आरपीएमने चढवलं तर चूक १०० आरपीएमची, दुर्लक्ष करता येतं. रस्त्यावर दुसऱ्या गिअरला २५०० ने चढतं, म्हणजे ५०० आरपीएमची. लॉगमध्ये ५५०० ला दिसलेला लीन ठिपका खरं तर ५००० चा असतो. तू ५५०० चा खण सुधारतोस आणि आजारी खण तसाच राहतो.

म्हणून रात्रीचा मोकळा रस्ता विसर. तिसऱ्या गिअरला ७००० म्हणजे गाडी १४५ च्या आसपास असते, आणि व्हिक्टोरियात वेगमर्यादेच्या ४५ वर गेलास तर गाडी ३० दिवस जप्त. एक हात लॅपटॉपवर ठेवून तर नाहीच नाही. आयडल, संथ चाल, स्टार्टिंग हे रस्त्यावर कर, शेजारी कुणाला तरी बसवून. बूस्टचं काम लोड धरणाऱ्या डायनोवर.

डायनोवर जायच्या आधी कॉम्प्रेशन बघून घे. पिस्टनचा गेज चालत नाही, तीन बाजू वेगळ्या दाखवणारा रोटरीचा टेस्टर हवा. २५० आरपीएमला किमान ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि तिन्ही बाजू एकमेकींच्या जवळ. त्याच्या खाली असेल तर ट्यूनिंगचे पैसे इंजिन बांधायला ठेव. मग नवे थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग, मी चारही जागी ९ नंबर टाकतो. पंपाला रिलेवरून थेट जाड वायर. कंपनीची व्यवस्था हलक्या लोडला पंपाचे व्होल्ट मुद्दाम कमी ठेवते, आणि तीस वर्षांच्या जुन्या रिलेवर मी भरवसा ठेवत नाही. टाकी पाऊण भरलेली, पाव टाकीवर वळणात पंप हवा ओढतो. पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घालतोस ना? लहानपणी चेतकमध्ये पंपावर मापाने घालताना पाहिलं असशील, तसंच, फक्त खूप कमी: लिटरला ५ मिली पुरे. सीलना ऑइल देणारा कंपनीचा पंप चालू असला तरी घाल.

पहिला पुल स्प्रिंगच्या बूस्टवर, फक्त ४५०० पर्यंत. टायमिंग (स्पार्कची वेळ) मुद्दाम मागे. लॉग बघायचा, मग ५५००, मग ६५००. घाई करणाऱ्या ट्यूनरकडे मी माझी गाडी देत नाही. प्रत्येक पुलनंतर मी आधी फ्युएल प्रेशरची रेघ बघतो, एअर-फ्युएल नंतर. मागच्या वर्षीचा एक लॉग अजून लक्षात आहे: ५२०० ला ११.१, ५४०० ला ११.२, ५६०० ला ११.६, ५८०० ला ११.९. मॅपमध्ये तिथे पेट्रोल घातलं असतं तर आकडा सरळ दिसला असता. प्रेशरची रेघ मात्र ३.९ वरून ३.५ ला उतरत होती. टाकीतली पंपाची नळी तडकलेली निघाली. मॅपने झाकलं असतं तर दोन महिन्यांनी ती पूर्ण फाटली असती, आणि तीही हायवेवर.

सेकंडरी इंजेक्टर जोडले जातात ती जागा वेगळी तपास. प्रायमरी मधल्या हाउसिंगमध्ये, पोर्टच्या अगदी तोंडाशी. सेकंडरी वर मॅनिफोल्डमध्ये, लांब. ते सुरू झाल्यावर पहिलं पेट्रोल भिंती ओल्या करण्यात जातं आणि क्षणभर लीन खड्डा पडतो. तो नेमका बूस्ट चढताना येतो. मी तिथे थोडं जास्तीचं भरून ठेवतो, डॅशवर १०.५ दिसलं तरी चालेल. मोठे सेकंडरी टाकलेस की हा खड्डा आणखी खोल होतो, तेव्हा तेच काम पुन्हा.

टायमिंगबद्दल थोडंच. १ बारला मी लीडिंग १० ते १२ अंशांवर सुरू करतो आणि ट्रेलिंग त्याच्या १० अंश मागे. पॉवर वाढायची थांबली की तिथेच थांबायचं. शेवटच्या ५ घोड्यांसाठी टायमिंग पुढे ओढू नकोस. ११ चं मिक्श्चर तुला चुकीच्या टायमिंगपासून वाचवत नाही, या एका गैरसमजाने माझ्या गॅरेजला बरंच काम दिलंय.

इथॅनॉलबद्दल विचारशीलच. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथॅनॉल) रोटरीला मानवतं, पण मीटर लॅम्ब्डावर ठेव, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत किती हवा आहे ते. शुद्ध पेट्रोलला १४.७ म्हणजे लॅम्ब्डा १, ई८५ ला तेच ९.८ ला येतं, भारतात आता पंपावर मिळणाऱ्या ई२० ला साडेतेराच्या आसपास. मीटर आतून लॅम्ब्डाच मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो. पेट्रोलचं ११ म्हणजे ०.७५. लॅम्ब्डात विचार केलास तर इंधन बदललं तरी डोक्यात गोंधळ होत नाही. ई८५ मात्र पेट्रोलच्या जवळपास दीडपट लागेल, म्हणजे इंजेक्टरचा वरचा हिशेब पुन्हा मांडायचा.

ईसीयूमध्ये सुरक्षेच्या सोयी असतील तर त्या पहिल्या दिवशी चालू कर, ट्यूनिंग झाल्यावर नव्हे. माझ्या गाडीत अशा आहेत: बूस्ट ०.३ बारच्या वर आणि मीटर १२ च्या वर ०.२ सेकंद राहिला की कट. रेल आणि मॅनिफोल्डमधला फरक ०.३ बारने घसरला की कट. इनटेकची हवा ५५ अंशांच्या वर गेली की बूस्ट कमी. पाणी १०५ ला पोचलं की तेच. एफडीचा पंखा कंपनीच्या सेटिंगला १०५ च्या सुमारास लागतो, तो आधी ९५ ला आण. कट म्हणजे दोन्ही रोटरचं पेट्रोल पूर्ण बंद. एखादाच इंजेक्टर बंद करणारा अर्धवट कट लीन करून मारतो. माझ्या त्या निसटलेल्या नळीच्या वेळी यातला दुसरा नियम असता तर पाव सेकंदात काम झालं असतं. माझ्या पायाला तीन लागले.

तर या शनिवारी लॅपटॉप घरी. बॉनेट उघड, रेग्युलेटरची नळी शोध, दोन्ही टोकांना क्लिप आहे का बघ, नळी कडक झाली असेल तर बदल. रेलवर प्रेशर सेन्सर बसवून घे, त्याची वायर ईसीयूच्या एका मोकळ्या इनपुटला. मग डायनोवाल्याला फोन करून विचार, फ्युएल प्रेशर लॉग करतोस का. तो म्हणाला "त्याची काय गरज," तर दुसरा बघ.